हेलनच्या बाई कोठे शिकल्या?

हेलन केलरचे नाव आपल्यापैकी पुष्कळ भगिनींनी ऐकले असेल. एकोणीस महिन्यांची असताना आजारपणात तिचे डोळे व कान दोन्ही गेले. तिच्या शिक्षिका ॲन सुलिव्हन यांच्या चिकाटीचे सर्वजण गोडवे गातात. मला मात्र त्या बाई आधी काय शिकून आल्या होत्या, हे जाणून घ्यावेसे वाटले. माया तर हेलनच्या आईलाही होती. पण नुसत्या मायेने तिला लेकीशी बोलता येईना.

ही वाट आधीच पाडलेली होती. अमेरिकेत बोस्टन शहरी पर्किन्स ही अंधांची शाळा. तेथे १८३७ साली डॉ. हौ यांनी लॉरा ब्रिजमन या सात वर्षांच्या अंध व बधिर मुलीला शिकवावयास घेतले. चमचा, किल्ली, सुरी अशा वस्तूंवर त्यांनी उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटविल्या. चाचपता चाचपता, ही त्या वस्तूंची नावे आहेत, हे तिला उमगले. पुढे दुसऱ्याच्या तळहातात बोटांनी अक्षरे करून ती बोलू लागली. डिकन्स या इंग्रज लेखकाने १८४२ साली आपल्या प्रवासवर्णनात तिची हकीगत लिहिली. हेलनच्या आईने ती वाचली आणि तिला आशा वाटू लागली.

ॲनबाई याच शाळेत शिकल्या. त्यांची स्वतःची नजरही अधू होती. लॉरा तेव्हा तेथेच राहत असे. तिच्याशी बोलता यावे म्हणून त्या बोटांची लिपी शिकल्या. हेलनकडे जाण्यापूर्वी कित्येक महिने त्यांनी हौ यांची टिपणे वाचून काढली. ३ मार्च १८८७ रोजी त्या तिच्या घरी पोहोचल्या, तेव्हा अवघ्या वीस वर्षांच्या होत्या! महिनाभराने, पंपाचे पाणी एका हातावर पडत असताना दुसऱ्या हातात लिहिलेला शब्द हेलनला कळला.

पुढची गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. नात्यातले पंधरा महिन्यांचे मूल पाहून बाईंनी ठरवून दिलेले धडे सोडले आणि हेलनच्या हातात पुरी वाक्ये बोलू लागल्या. आपण तरी तान्ह्याशी त्याला कळेल तेवढेच कोठे बोलतो?

हेलन केलर १९५५ साली भारतात येऊन गेल्या. १९७७ साली मुंबईत त्यांच्या नावाने बधिर व अंध-बधिर मुलांसाठी संस्था निघाली. अशा मुलांच्या शिक्षकांना बारीकसारीक गोष्टी शिकाव्या लागतात. मुलाचा हात ओढून कामाला लावायचा नाही. आपला हात त्याच्या हाताखाली ठेवायचा, म्हणजे काम कसे होते ते त्याला कळते. जवळ येताना आधी हळूच स्पर्श करायचा. जेवणाआधी हाती वाटी द्यायची, आंघोळीआधी पंचा.