महाडचा मनाई हुकूम आणि आपल्या घरातला मनाई हुकूम

गेल्या महिन्यात चळवळीतला एक जुना सहकारी कोर्टाचा कागद घेऊन घरी आला. घटस्फोट झालेल्या पत्नीने कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला होता. तिच्या माहेरी, कामाच्या ठिकाणी आणि मुलीच्या शाळेत जायचे नाही, फोन करायचा नाही, असा अंतरिम आदेश झाला होता. कागद टेबलावर आपटत तो म्हणाला, "चवदार तळ्यावरही मनाई हुकूम आला होता. बाबासाहेबांनी तो मानला का? मग मी का मानू?"

प्रश्न जोरदार होता, पण इतिहास चुकीचा होता. असा चुकीचा इतिहास सांगणारा तो एकटा नाही, म्हणून हा लेख.

महाडला काय घडले ते पाहू. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर डिसेंबरमध्ये सत्याग्रहाची तयारी सुरू होताच सवर्णांनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा टाकला. तळे खाजगी आहे, अस्पृश्यांनी त्याला शिवायचे नाही अशी वहिवाट आहे, हा त्यांचा मुद्दा. कोर्टाने परिषदेच्या तोंडावर तात्पुरता मनाई हुकूम दिला. २५ डिसेंबरला परिषद भरली, मनुस्मृती जाळली गेली. जमलेले हजारो लोक तुरुंगात जायच्या तयारीने आले होते. बाबासाहेबांनी "चला" म्हटले असते तर एकही माणूस मागे राहिला नसता.

बाबासाहेबांनी मनाई हुकूम मानला. आपले भांडण सवर्णांशी आहे, कोर्टाचा हुकूम मोडून ते सरकारशी ओढवून घ्यायचे नाही, हे त्यांनी लोकांना पटवून दिले. सत्याग्रह तहकूब झाला. शांततेने मिरवणूक निघाली, तळ्याला कुणीही हात लावला नाही.

पण ते गप्पही बसले नाहीत. प्रतिवादी म्हणून कोर्टात उभे राहिले, कैफियत दिली, पुरावा दिला. १९२८ च्या सुरुवातीला तात्पुरता हुकूम उठला. मूळ दावा मात्र खालच्या कोर्टातून वरच्या कोर्टात चालत राहिला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला, की सवर्णांना आपली प्राचीन वहिवाट सिद्ध करता आली नाही. हुकूम पाळायचा आणि कोर्टात लढायचे, असे हे दुहेरी काम दहा वर्षे चालले.

म्हणजे महाडचा दाखला द्यायचाच असेल तर आधी हुकूम पाळावा लागेल. संरक्षण आदेश मोडला तर २००५ च्या कायद्यातील कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. "फक्त समजवायला गेलो होतो" हा बचाव होत नाही.

आता दुसरी गोष्ट, जी मित्राला जास्त झोंबली. महाडला मनाई हुकूम कुणी कुणावर आणला होता? ज्यांच्या हाती तळे होते, त्यांनी तहानलेल्यांवर. घरात तळे कुणाच्या हाती असते? आपण बाहेर बहुजन असू, घरात मात्र नवरा असतो. ज्या मनुस्मृतीची होळी महाडला झाली, तिने शूद्रांबरोबर स्त्रीलाही स्वातंत्र्य नाकारले होते. हे अर्धे वाक्य आपण सोयीने विसरतो.

कोर्टाचा हुकूम स्त्रीच्या विरुद्ध होता, तेही आठवावे. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी लावले. नवऱ्याने १८८४ मध्ये तिला नांदायला पाठवा म्हणून दावा केला. मार्च १८८७ मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितले, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, तेव्हा त्या सुटल्या आणि पुढे डॉक्टर झाल्या. त्या काळी बाईला नको असलेल्या घरात ढकलण्यासाठी कोर्ट होते. तिला नको असलेल्या माणसाला दूर ठेवण्याचा आदेश देणारा कायदा २६ ऑक्टोबर २००६ ला लागू झाला. मधली जवळजवळ १२० वर्षे कुणाच्या बाजूची होती, हे वेगळे सांगायला नको.

मग पुरुषाने आदेशाला आव्हान द्यायचेच नाही का? असे मी म्हणणार नाही. अंतरिम आदेश एकतर्फीही होऊ शकतो. अर्जात खोटे असेल, मुलाला भेटण्याचा मार्ग बंद झाला असेल, तर म्हणणे जरूर दाखल करावे. आदेशाविरुद्ध तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते. परिस्थिती बदलली तर आदेशात बदल मागता येतो. वकिलाला पैसे नसतील तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हा हक्क तिलाही आहे, हे ध्यानात ठेवावे.

पण म्हणणे लिहिण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा. मी खोट्या आरोपाविरुद्ध लढतो आहे, की तिच्या नकाराविरुद्ध? पहिली लढाई न्यायाची आहे. दुसरी नवरेपणाची वहिवाट टिकवण्यासाठी आहे, आणि वहिवाटीचे काय झाले ते १९३७ च्या निकालात वाचायला मिळते.

मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तिला फोन करायची माझी गरज काय आहे, हे मला सांगता येत नाही. पण पोरीला भेटायचे आहे." शेवटी त्याने तेवढेच लिहून दिले. मुलीची भेट ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी मिळावी, बाकी आदेशाला हरकत नाही. तारीख पुढच्या महिन्यात आहे. तोवर तो त्या रस्त्याने जात नाही.

जय भीम.