डोज लोरेदान यांचे व्यक्तिचित्र

* ‘डोज’ म्हणजे व्हेनिस प्रजासत्ताकाचा तहहयात निवडलेला प्रमुख. लेओनार्दो लोरेदान यांनी हे पद 1501 ते 1521 सांभाळले. जोव्हान्नी बेल्लिनीने त्यांचे तैलचित्र कारकिर्दीच्या सुरुवातीलाच रंगवले; ते सध्या लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मूळ लेखकाने त्याला ‘निर्विकार’ म्हटले आहे. ते आम्हांला पटत नाही. चेहरा नीट निरखावा. उजेडातली बाजू करारी, जवळजवळ कठोर. सावलीतली बाजू मात्र सौम्य, ओठांच्या कोपऱ्यात किंचित मार्दव. एकाच चेहऱ्यात शासनकर्त्याचा धाक आणि वडीलधाऱ्याची माया चित्रकाराने शेजारी शेजारी ठेवली आहे. नजर आपल्याकडे वळतच नाही, त्यामुळे सलगीला वाव उरत नाही. आधीच्या डोजांची चित्रे बहुधा एका बाजूने काढलेली असत; इथे लोरेदान जवळपास समोरून दिसतात. पोशाखावरचा जरीकाम केलेला भाग सोन्याच्या वर्खाने नव्हे, तर रंगाच्या जाड, खरबरीत थरांनी उठवलेला आहे. हे वैभव पदाचे आहे. माणूस कळतो तो चेहऱ्यावरूनच. 1509 मध्ये आन्यादेल्लोच्या लढाईतील पराभवाने व्हेनिस हादरले, तेव्हा प्रजासत्ताकाच्या प्रमुखपदी हेच लोरेदान होते. – संपा.