दिनविशेष : २० ऑक्टोबर
शाहीर अमर शेख यांचा जन्म (१९१६)

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९१६ साली आजच्या दिवशी जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल हे पुढे अमर शेख या नावाने महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांत दुमदुमले. परंतु त्या कीर्तीचा पूर्वरंग दारिद्र्याचाच होता. गाण्याचे बाळकडू त्यांना माता मुनेरबी यांच्याकडून मिळाले. मोटारीवर क्लीनर, नंतर गिरणीत कामगार, आणि संपात पुढाकार घेतल्याबद्दल सरकारी अंमलदारांच्या कृपेने विसापूरचा तुरुंग, अशी त्यांची उमेदवारी झाली. (गायनाची तालीम म्हणून हा अभ्यासक्रम कोणत्याही संगीतशाळेत सापडावयाचा नाही!) कोल्हापुरास मास्टर विनायकांच्या चित्रसंस्थेत काही काळ काढल्यावर, १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. आणि दरबाराचा वा बिदागीचा आश्रय न शोधता, स्वरचित कवने डफाच्या तालावर, पहाडी आवाजात, श्रमिकांच्या वस्त्यांतून ते गात राहिले. अशीच श्रमिकांची एक वस्ती त्यांच्या जिल्ह्यात आजही दिसते : सोलापूरलगत कुंभारीच्या माळावर कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत उभी आहे. शाहिरांचा श्रोतृवर्ग तो अशाच कष्टकऱ्यांचा.