कवीची पिढी कोणती धरावी?

मेहकर हें बुलढाणा जिल्ह्यांतील पैनगंगेच्या कांठचें जुनें गांव. येथें आयुष्यभर वकिली करून कविता लिहिणारे ना. घ. देशपांडे २१ ऑगस्ट १९०९ रोजीं जन्मले. त्याच वर्षीं १ डिसेंबरला खानदेशांत बा. सी. मर्ढेकर यांचा जन्म झाला. दोघांच्या वयांत अंतर पडतें तें सुमारें सव्वातीन महिन्यांचें. असें असतां मर्ढेकरांना नव्या पिढीचे प्रवर्तक म्हणतात, आणि देशपांड्यांना नेमकें कोठें बसवावें हा प्रश्न मात्र उरतोच.

पिढी मोजावयाची कशी, येथूनच मतभेदास आरंभ होतो. जन्मवर्ष धरावें तर हे दोघे सख्खे समवयस्क. पहिलें पुस्तक धरावें तर घोटाळा वाढतो. मर्ढेकरांचा पहिला संग्रह ‘शिशिरागम’ १९३९ चा. त्याचें वळण १९२३ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या काळाशीं जुळणारें. नवकाव्याचा आरंभ ज्या ‘काही कविता’पासून मोजतात तें पुस्तक १९४७ चें. म्हणजे एकच कवि सीमेच्या दोन्ही बाजूंना उभा! सीमा आंखणाऱ्यांनीं याचें उत्तर द्यावयास हवें. पण बहुधा पहिलें पुस्तक उमेदवारीचें म्हणून बाजूस सारलें जातें.

देशपांड्यांची गोष्ट याहून अवघड आहे. त्यांचें शिळेवरील गीत गजानन वाटवे यांच्याही आधींच्या भावगीतकाळांत, १९३० नंतरच्या दशकांत, जी. एन. जोशी यांच्या तबकडीवरून घरोघर पोहोंचलें. लोकांच्या तोंडीं तें बसलें, पण ‘शीळ’ हा संग्रह निघावयास १९५४ साल उजाडलें. तोंवर त्यांच्याहून वयानें धाकटे असलेल्या कुसुमाग्रजांची ‘विशाखा’ १९४२ मध्यें येऊन गेली होती. गाण्यावरून पाहिलें तर देशपांडे नवकाव्याच्या आधींचे, पुस्तकावरून पाहिलें तर नंतरचे. पुण्यामुंबईपासून दूर वऱ्हाडांत राहणाऱ्या कवीला छापील तारखेचा निकष लावणें न्यायाचें नव्हे. त्यानें त्याच्या हयातीचीं वीस वर्षें हिशेबांतूनच गळतात.

पुढें तर गंमतच आहे. त्यांचा ‘अभिसार’ १९६३ चा, आणि साठोत्तरी पिढीची खूण मानली जाणारी नेमाड्यांची ‘कोसला’ही १९६३ चीच. त्या साठोत्तरीचेंही नांव फसवेंच. तिच्यांतील दिलीप चित्रे, अरुण कोलटकर प्रभृतींचें ‘शब्द’ हें अनियतकालिक १९५५ सालींच निघालें होतें. साठनंतरची पिढी साठच्या पांच वर्षें आधीं सुरू व्हावी, हें दशकाच्या आंकड्याला भुलल्याचें फळ होय.

कार्ल मान्हाइम या समाजशास्त्रज्ञानें १९२८ च्या निबंधांत म्हटलें आहे कीं, केवळ एका काळीं जन्मल्यानें पिढी बनत नाहीं; एकाच घडामोडींत सांपडल्यानें बनते. ही कसोटी अधिक बरी, तथापि तीही पुरती लागू पडत नाहीं. महायुद्धाचा व महानगराचा जो आघात मर्ढेकरांच्या कवितेंत उमटला, तो मेहकरच्या रानांतील कवितेंत त्या रूपानें उमटला नाहीं. काळ एकच, पण जगणें निराळें.

‘खूणगाठी’ या १९८५ च्या संग्रहाला १९८६ चें साहित्य अकादमी पारितोषिक लाभलें, तेव्हां मर्ढेकर जाऊन तीस वर्षें झालीं होतीं. देशपांडे २००० सालीं निवर्तले. तत्पूर्वीं १९९६ मध्यें त्यांचा आणखी एक संग्रह निघाला. त्याचें नांव ‘कंचनीचा महाल’, आणि त्या नांवाची जुनी वास्तु मेहकरांतच आहे.