कार्बोवानेत्स

* मजकुरात ज्याला ‘कूपन’ म्हटले आहे ते युक्रेनचे माजी चलन, कार्बोवानेत्स. डिसेंबर १९१७च्या ठरावाने निघालेली त्याची पहिली नोट १०० कार्बोवानेत्सची. चित्रकार हेओर्ही नार्बुत यांनी आखलेल्या या नोटेवर त्रिशूळाचे चिन्ह होते आणि मजकूर युक्रेनी, रशियन, पोलिश व यिडिश अशा चार भाषांत. नोट काढणारी सत्ता टिकली नाही, चलनही नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी याच नावाच्या नोटा काढल्या. भाव १० कार्बोवानेत्सला १ राइशमार्क. सोव्हिएत काळात रुबलच्या नोटेवर युक्रेनीत हेच नाव छापलेले असे.

कूपनांची हकीकत मात्र निराळीच. १९९०च्या अखेरीस पगाराबरोबर कूपनांचे छापील ताव मिळू लागले. दुकानात रुबल मोजायचेच, वर तावातून तेवढ्या किमतीचे चौकोन कात्रीने कापून द्यायचे. १० जानेवारी १९९२पासून त्यांच्या जागी नोटांसारखी कूपने आली. त्यांवर ना क्रमांक, ना कुणाची सही! तात्पुरती सोय म्हणून काढलेली ही कूपने त्याच वर्षी नोव्हेंबरात देशाचे एकमेव चलन होऊन बसली.

मग महागाईने कळस गाठला. एकट्या १९९३ मध्ये किमती शंभर पटींहून अधिक वाढल्या; १९९५ मध्ये दहा लाखांची नोट छापावी लागली. सप्टेंबर १९९६ मध्ये एक लाख कार्बोवानेत्सला एक या दराने ह्रिव्निया हे नवे चलन आले. अदलाबदल दोन आठवड्यांत उरकली. — संपा.