यकृताचा कॅन्सर: पेशीतली चरबी हाताळणारं एन्झाइम गाठ कशी वाढवतं?

बुटीबोरीहून वर्धा रोडने नागपूरला जाताना जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट लागतं. अशा कुठल्याही कॅन्सर हॉस्पिटलमध्ये यकृताच्या, म्हणजेच लिव्हरच्या कॅन्सरबाबत एक प्रश्न डॉक्टरांपुढे असतो. गाठ लवकर सापडली, ऑपरेशनही झालं, तरी काहींचा आजार परत का येतो? याच्या उत्तराचा एक धागा एसओएटी-1 नावाच्या एन्झाइमपर्यंत जातो.

हे एन्झाइम काय करतं?

एन्झाइम म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया वेगाने घडवणारं प्रथिन. एसओएटी-1 कोलेस्ट्रॉलला फॅटी ॲसिड जोडतं. मग ते कोलेस्ट्रॉल पेशीत थेंबांच्या रूपात साठवता येतं. मोकळं कोलेस्ट्रॉल फार वाढलं तर पेशीला घातक ठरतं, म्हणून निरोगी पेशींनाही ही सोय लागते.

कॅन्सरशी संबंध कसा कळला?

चीनमधल्या संशोधकांचा अभ्यास 2019 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. हिपॅटायटिस बीशी संबंधित, सुरुवातीच्या टप्प्यातल्या गाठी आणि त्याच रुग्णांच्या यकृताचा कॅन्सर नसलेला भाग, अशा 110 जोड्या त्यांनी तपासल्या. प्रथिनांवरून गाठींचे तीन गट पडले. तिसऱ्या गटात कोलेस्ट्रॉलचा समतोल बिघडलेला होता आणि एसओएटी-1 जास्त होतं. याच गटात रुग्ण जगण्याचं प्रमाण सर्वांत कमी होतं.

पेशींमधलं हे एन्झाइम कमी केल्यावर त्यांची वाढ आणि पसरणं मंदावलं. रुग्णांच्या गाठी उंदरांमध्ये वाढवून अवासिमाइब हे औषध दिल्यावर, एसओएटी-1 जास्त असलेल्या गाठींचा आकार बराच कमी झाला.

मग औषध सापडलं का?

अजून नाही. उंदरांमधला निकाल माणसांना जसाच्या तसा लागू होत नाही. तेल-तूप बंद केल्याने हे एन्झाइम थांबतं, असाही याचा अर्थ नाही. यकृत स्वतःच कोलेस्ट्रॉल तयार करतं.

आज आपल्या हातात काय आहे?

- हिपॅटायटिस बीची लस: सरकारी लसीकरणात बाळाला जन्मानंतर 24 तासांच्या आत आणि पुढे 6, 10 व 14 आठवड्यांना मोफत मिळते.
- हिपॅटायटिस बी किंवा सिरोसिस असेल, तर सोनोग्राफी किती दिवसांनी करायची हे डॉक्टरांना विचारा. धोका जास्त असलेल्यांना साधारण दर 6 महिन्यांनी सांगितली जाते.
- दारू टाळा. वजन आणि मधुमेह आटोक्यात ठेवा.