बिग मस्की: दोरांवर चालणारा महाकाय

आजच्या खोदयंत्राची भुजा तेलाच्या दाबावर चालते आणि बादली जमिनीत जोराने खुपसते. ‘ड्रॅगलाइन’ जातीच्या जुन्या यंत्रांना ही सोय नव्हती. त्यांची बादली पोलादी दोरांना टांगलेली असे. दोर फक्त ओढू शकतो. ढकलणे त्याला जमत नाही. म्हणून जमिनीत रुतण्याचे काम बादलीच्या स्वतःच्या वजनावर सोपवलेले असे.

असे पहिले यंत्र १९०४ साली शिकागोच्या जॉन पेज यांनी तयार केले. त्याची रचना अजूनही थक्क करते. एक दोर बादली उचलतो, दुसरा तिला जमिनीवरून यंत्राकडे खेचतो आणि खेचता खेचताच ती भरते. ओढीचा दोर ताठ आहे तोवर बादलीचे तोंड वर राहते. तो सैल सोडताच तोंड कलते आणि माती खाली ओतली जाते. बादली हवेत लोंबकळत असल्याने तिच्या झोक्याचा अंदाज चालकाला हाताच्या सवयीनेच यावा लागे.

या युक्तीचे टोक म्हणजे अमेरिकेतील ओहायो राज्यातली ‘बिग मस्की’. ब्युसायरस-ईरी कंपनीचे हे यंत्र १९६९ मध्ये कोळसाखाणीवर सुरू झाले. वजन सुमारे १३,५०० अमेरिकी टन, भुजा ३१० फूट, बादली २२० घनयार्डांची. एका खेपेला सव्वातीनशे टन माती उचलली जाई. इतके अजस्र धूड चाकांवर हलणे अशक्य, म्हणून ते पावले टाकीत सरके. गंमत अशी, की बादली दोरांवर पेलणाऱ्या या यंत्राचे पाय मात्र तेलाच्या दाबावर चालत.

बावीस वर्षांत त्याने साठ कोटींहून अधिक घनयार्ड माती हलवली. पनामा कालव्याच्या मूळ खोदकामाच्या दुपटीहून हे अधिक आहे. या साऱ्या खटाटोपातून उघडा पडलेला कोळसा मात्र दोन कोटी टनांच्या थोडा पुढे, म्हणजे टनामागे सुमारे तीस घनयार्ड माती! या यंत्राचे कौतुक करताना हा हिशेब झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे नाही.

ओहायोच्या कोळशात गंधक जास्त. हवेच्या प्रदूषणाचे कायदे कडक होताच त्याची मागणी घटली. विजेचा खर्चही परवडेना. १९९१ मध्ये यंत्र थांबले. ते जतन करावे यासाठी झालेले प्रयत्न अपुरे पडले आणि १९९९ मध्ये ते भंगारात निघाले. त्यावेळी भुजा पेलणारे जाड दोर तोडायला स्फोटके लावावी लागली.

कंपनीने दिलेल्या जुन्या खाणपट्ट्यातील जमिनीवर आज ‘द वाइल्ड्स’ हे वन्यप्राणी उद्यान आहे. तेथील गवतावर गेंडे चरतात. यंत्राची बादली तेवढी वाचली. मॅककॉनल्सव्हिल गावाजवळच्या खाणकामगार स्मृतिउद्यानात ती ठेवलेली आहे आणि लोक तिच्या आत उभे राहून छायाचित्रे काढतात.